‘सीई’मधला ‘ई’ : ऑप्शनच्या सांकेतिक नावाची पार्श्वभूमी

दलाल स्ट्रीटला ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क देणारे करार, नवे नव्हते. आज ज्याला कॉल (घेण्याचा हक्क) म्हणतात ती जुन्या बाजारातली ‘तेजी’ आणि पुट (विकण्याचा हक्क) म्हणजे ‘मंदी’. रिंगणात ओरडून होणाऱ्या व्यवहारांना सांकेतिक नावाची गरजच नव्हती. १९५६च्या रोखे करार नियमन कायद्याने ऑप्शनवर घातलेली बंदी १९९५ साली उठली, आणि त्याच सुमारास रिंगण जाऊन संगणकाचा पडदा आला. शेअरवरचे ऑप्शन राष्ट्रीय शेअर बाजारात सुरू व्हायला मात्र २ जुलै २००१ उजाडले. बदला पद्धत (सौदा पुढच्या हिशेबावर ढकलण्याची जुनी रीत) बंद झाली तोही हाच दिवस.

पडद्यावर प्रत्येक करार वेगळा ओळखू यावा लागतो, म्हणून कंपनी, वर्ष, महिना, स्ट्राइक भाव (हक्क बजावण्याचा ठरलेला भाव) आणि प्रकार हे सगळे एका नावात सलग गुंफले जाते. ‘रिलायन्स २५ डिसें १४०० सीई’ म्हणजे डिसेंबर २०२५मध्ये संपणारा, रिलायन्सचा शेअर १४०० रुपयांना घेण्याचा हक्क. शेवटच्या दोन अक्षरांपैकी ‘सी’ कॉलचा, हे सगळ्यांना ठाऊक असते; ‘ई’ इक्विटीचा असावा, असा समज मात्र बराच पसरलेला आहे. तो ‘युरोपियन’चा आहे, म्हणजे हक्क फक्त मुदतीच्या दिवशी बजावता येतो. निर्देशांकाचे ऑप्शन पहिल्यापासून तसेच होते, पण शेअरचे ऑप्शन अमेरिकन धाटणीचे, कोणत्याही दिवशी हक्क बजावता येणारे होते आणि त्यांच्या नावाअखेर ‘सीए’ किंवा ‘पीए’ असे. २०११च्या जानेवारीपासून तेही युरोपियन झाले. वेगळे दाखवायला काही उरले नाही, तरी ‘ई’ राहिला.

खुद्द अमेरिकेत २०१०पर्यंत महिना आणि कॉल-पुट मिळून एकच अक्षर असे (जानेवारीचा कॉल ‘ए’, जानेवारीचा पुट ‘एम’), स्ट्राइकलाही एकच अक्षर, आणि वर्षाला जागाच नव्हती. त्यामुळे लांब मुदतीच्या करारांना वेगळी मूळ नावे (कंपनी दाखवणारी सुरुवातीची अक्षरे) द्यावी लागत. शेवटी तिथे २१ जागांचे नवे नाव आणावे लागले. मुंबईच्या नावांत वर्षाला जागा आहे; उशिरा सुरुवात केल्याचा हा फायदाच म्हणायचा.

मासिक करारांच्या नावात तारीख नसते, त्यामुळे सप्टेंबर २०२५मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने मुदतीचा वार गुरुवारवरून मंगळवारवर नेला, तेव्हा ही नावे होती तशीच राहिली. निफ्टीच्या साप्ताहिक करारांत मात्र तारीख येते, आणि बऱ्याच ब्रोकरांच्या ॲपवर ऑक्टोबरसाठी नुसता रोमन ‘ओ’ असतो. ७ ऑक्टोबरच्या करारात तो नेमका ०७मधल्या शून्याला खेटून बसतो.