मळवलीच्या दगडापासून जिक्लेपर्यंत

साताऱ्या-सांगलीतल्या नव्या फ्लॅटांत सोफ्यामागच्या भिंतीवर आता फ्रेंच चित्रकार मोनेची कमळं किंवा ऑस्ट्रियन चित्रकार क्लिम्टचं बर्चवन दिसू लागलंय. फ्रेमसकट येणाऱ्या या छापील प्रतींना विक्रेते 'म्युझियम दर्जा' म्हणतात. घरात मूळ चित्राऐवजी प्रत लावणं आपल्याकडे मात्र जुनंच.

राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, एकावर एक छाप, आणि वरून तैलचित्राची झाक. या ओलिओग्राफांनी लक्ष्मी-सरस्वती घरोघरी नेल्या.

याच काळात साताऱ्याकडच्या औंध संस्थानात चित्रांचा वेगळाच संसार उभा राहत होता. तिथले राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांचं चित्ररामायण १९१६ मध्ये छापून निघालं. १९३८ मध्ये त्यांनी यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उघडलं. तिथे रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प आहे आणि युरोपातल्या जुन्या उस्तादांच्या चित्रांच्या हातानं केलेल्या प्रतीही आहेत. खुद्द संग्रहालयानं प्रतींना भिंत दिली, तिथे आपण संकोचायचं कारण नाही.

किर्लोस्करवाडीही औंध संस्थानातलीच. तिथून १९२० मध्ये 'किर्लोस्कर' मासिक सुरू झालं. मासिकांतली तिरंगी चित्रं, पुढे चित्रकार दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं आणि कॅलेंडरं कापून काचेत बसवली जात. पण त्यांत देव, नाहीतर बाई. झाडं-डोंगर मागे पडद्यासारखे. निव्वळ झाड किंवा धुकं हाच चित्राचा विषय, हे आपल्या भिंतींनी फार उशिरा मान्य केलं.

ते आता मान्य होण्यामागे दोन कारणं. १९९१च्या सुमारास अमेरिकेत छपाईपूर्व नमुने काढायच्या आयरिस या इंकजेट यंत्रावर कलाचित्रं छापली जाऊ लागली. तीच जिक्ले पद्धत. सुरुवातीच्या शाया लवकर उडत, नंतर रंगकणांची, जास्त टिकणारी पिगमेंट शाई आली. दुसरं कारण, संग्रहालयांनी चित्रांच्या फाइली इंटरनेटवर सगळ्यांना खुल्या केल्या. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं २०१२ पासून, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटननं २०१७ मध्ये.

त्यामुळे आज मोठी फाइल कुणालाही मिळते आणि 'म्युझियम दर्जा' कुणीही लिहितो. पाहायचं ते असं: कापसाचा, आम्लविरहित कागद, पिगमेंट शाई, काच आणि कागदात अंतर ठेवणारा माउंट. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसाळ्यात काचेला चिकटलेला कागद बुरशीनं डागाळतो, मग शाई कितीही उत्तम असो. मागचा पुठ्ठा स्वस्तातला असेल तर त्यातलं आम्लही कागद पिवळा करतं. फ्रेमवाल्याला हे मुद्दाम विचारावं.

क्लिम्टची निसर्गचित्रं बहुतेक चौरस आहेत. आडवी प्रत दिसली, तर दुकानदारानं मापासाठी ती छाटलेली असण्याचीच शक्यता जास्त. रझांसारख्या २०१६ मध्ये गेलेल्या चित्रकाराची प्रत घेताना परवानगीचा उल्लेखही शोधावा, कारण आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क शाबूत राहतात.