नायट्रस की सुपरचार्जर: खर्चाच्या हिशेबामागचा इतिहास

ठाण्याची वागळे इस्टेट असो की नवी मुंबईचं तुर्भे, गॅरेजमध्ये गाडीची ताकद वाढवायचा विषय निघाला की 'नायट्रस स्वस्त, सुपरचार्जर महाग' हे ठरलेलं उत्तर मिळतं. नायट्रस म्हणजे इंजिनला जादा ऑक्सिजन देणारा, बाटलीत भरलेला नायट्रस ऑक्साइड वायू; सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप. किटच्या किमतीपुरतं ते उत्तर बरोबर आहे. पण ही दोन साधनं मुळात निघाली वेगवेगळ्या गरजेतून, आणि खर्चाचा फरक तिथूनच येतो.

सुपरचार्जर थोरला. रूट्स बंधूंनी 1860 मध्ये अमेरिकेत हवेच्या ब्लोअरचं, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंपाचं, पेटंट घेतलं; पुढे तीच रचना सुपरचार्जरसाठी वापरली गेली. मर्सिडीजने 1921 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जरवाल्या विक्रीच्या गाड्या मांडल्या. इंजिन चालू आहे तोवर इंजिनच्या पट्ट्यावर फिरत राहायचं, हे आजच्या सुपरचार्जरचं काम. नायट्रस इंजिनात आला तो दुसऱ्या महायुद्धात. जर्मन विमानांत फार उंचावर सुपरचार्जरलाही हवा पुरेना, तेव्हा 'जीएम-1' यंत्रणेतून तो सोडत. टाकी संपली की जोर संपला.

आजही तसंच आहे. अमेरिकेत नायट्रसचं किट ढोबळमानाने 800 डॉलर, सुपरचार्जरचं 6,500. शंभर अश्वशक्ती वाढवणाऱ्या 'शॉट'ला (नायट्रसच्या माऱ्याला) 10 पौंडांची बाटली पाव मैलाच्या सात-आठ धावांत आटोपते. भरायला 60 डॉलर धरले तर दोन्हींचा खर्च बरोबरीत यायला सातशेच्या आसपास धावा लागतात. इतक्या कोण मारतो? इथे मात्र न्हावा शेवा बंदरात उतरणाऱ्या मालावर भाडं आणि कस्टम ड्युटी चढते, आणि बाटली कुठे भरायची हा प्रश्न उरतोच.

सुपरचार्जरचा खर्च किटवर थांबत नाही. 6 पीएसआय (दाबाचं एकक) बूस्टलाही, म्हणजे कोंबलेल्या हवेच्या दाबालाही, बहुधा मोठे इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे), इंटरकूलर (हवा थंड करणारा) आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) ट्यूनिंग लागतं. आजच्या बऱ्याच छोट्या गाड्यांचं कॉम्प्रेशन (इंजिन मिश्रण किती पट दाबतं ते) 11-12 असतं. त्यावर बूस्ट चढवला तर साध्या पेट्रोलवर इंजिन नॉक करण्याचा, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटण्याचा, धोका मोठा.

नायट्रसमध्ये वजनाने 36 टक्के ऑक्सिजन, हवेत 23. पेट्रोल त्या हिशेबात वाढलं नाही, पेट्रोलचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप) अडकला किंवा फिल्टर चोंदला, की मिश्रण लीन होऊन, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडून, पिस्टन वितळू शकतो. म्हणून प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर सोडणारा), दर 50 अश्वशक्तीला टायमिंग (ठिणगीची वेळ) साधारण 2 अंश मागे, आणि 3,000 आरपीएमच्या खाली बटण दाबायचं नाही. दाबलं तर मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) साचलेलं पेट्रोल भडकू शकतं.

ठाण्याच्या हवेचा एक वेगळाच पेच आहे. बाटलीला 900 ते 1,000 पीएसआय दाब हवा. थंड देशांत त्यासाठी हीटर लावतात. इथे 30 अंशांना तो आपसूक मिळतो. पण मे महिन्यात बंद डिकी 36 अंशांच्या पुढे गेली की नायट्रस द्रव राहतच नाही, दाब 1,050 च्या वर जातो आणि जेटचा (नायट्रस मोजून सोडणाऱ्या छिद्राचा) हिशेब चुकतो.

शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत फेरबदल अमान्य ठरवले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आणली. गाडी ठाण्याची एमएच-04 असो वा नवी मुंबईची एमएच-43, पाम बीच रोडवर दोन्ही साधनं सारखीच बेकायदा.