हॉटेलने मागाहून पैसे कापले: तक्रार फ्रॉडची की रकमेची?

लग्नसराई आली की आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. पाहुण्यांसाठी वाशीत, तुर्भ्यात नाहीतर घोडबंदर रोडला खोल्या घेतलेल्या असतात. हळद, लग्न सगळं नीट पार पडतं, पाहुणे गावी पोचतात आणि मग ज्या काकांच्या कार्डावर खोल्या घेतल्या होत्या त्यांना एसएमएस येतो: हॉटेलच्या नावे आणखी २,८०० रुपये गेले. हॉटेलला फोन केला तर उत्तर मिळतं, टॉवेल आणि बेडशीटला हळदीचे डाग पडले होते. काका ग्रुपवर विचारतात, काय करू? आणि खाली रांग लागते: "ओटीपी आला होता का? नाही ना? मग फ्रॉडच. कार्ड ब्लॉक करा, १९३० ला फोन लावा."

हा सल्ला चुकीचा आहे आणि त्यापायी लोकांचे हक्काचे पैसे बुडतात. ऐरोलीत एका बँकेच्या कार्ड-तक्रार विभागात मी बरीच वर्षं काम केलं. खरी बाजू असूनही माणूस हरतो, कारण तो चुकीच्या खिडकीवर उभा राहतो, हे तिथे सारखं दिसायचं.

फ्रॉडबद्दल बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगते. तुम्ही न केलेला, तुमच्या परवानगीशिवाय झालेला व्यवहार म्हणजे फ्रॉड. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली आणलेल्या नियमानुसार, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणी हात मारला आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. तिथे घाई करायचीच असते, त्यात वाद नाही.

काकांचा व्यवहार मात्र या खणात बसत नाही. हॉटेलात उतरले कोण? काका. कार्ड दिलं कोणी? काकांनी. हॉटेलने जास्त पैसे घेतले असतील, कदाचित अगदी नाहक घेतले असतील. पण "मी हा व्यवहार केलाच नाही" आणि "व्यवहार माझा, ही रक्कम मला मान्य नाही" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्यांचे फॉर्म वेगळे, पुरावे वेगळे, मुदती वेगळ्या.

सगळा घोळ होतो तो ओटीपीमुळे. आपल्या देशात ऑनलाइन कार्ड वापरताना ओटीपी आणि दुकानात पिन इतका अंगवळणी पडलाय, की दोन्हींशिवाय पैसे गेले म्हणजे चोरीच असं वाटतं. प्रत्यक्षात काय घडतं ते पाहा. चेक-इनच्या वेळी फ्रंट डेस्कवर कार्ड मशीनमध्ये घालून तुम्ही पिन दाबता. त्या वेळी पैसे जात नाहीत, एक रक्कम अडवून ठेवली जाते. तिला प्री-ऑथरायझेशन म्हणतात, बोलीभाषेत ब्लॉक. समजा १०,००० रुपये ब्लॉक केले. चेक-आउटला बिल झालं ७,२००. हॉटेलने तेवढे उचलून उरलेले सोडून द्यायला हवेत. पण ब्लॉक पूर्ण होईपर्यंत त्या १०,००० च्या आतली कोणतीही रक्कम उचलायला हॉटेलला तुमचं कार्डही लागत नाही आणि पिनही. तुम्ही पिन चेक-इनलाच दिलेला असतो. म्हणून हॉटेलने ७,२०० च्या जागी १०,००० उचलले, तरी ओटीपी येत नाही, आणि बँकेच्या नोंदीत तो व्यवहार पिन टाकून, तुमच्या संमतीने झालेला दिसतो.

यातच आणखी एक गोंधळ मिसळतो. काही बँका ब्लॉकच्या एसएमएसमध्येसुद्धा "खर्च झाले" असंच लिहितात. मग चेक-इनला १०,००० चा एक मेसेज आणि चेक-आउटला ७,२०० चा दुसरा, असं बघून लोक "दोनदा कापले" म्हणून तक्रार करतात. न उचललेला ब्लॉक काही दिवसांनी आपोआप सुटतो. स्टेटमेंटमध्ये किंवा अ‍ॅपवर पक्की झालेली रक्कम दिसेपर्यंत थांबा, मग बोला.

आता फ्रॉडचा फॉर्म भरला तर काय होतं ते सांगते, कारण हा भाग कुणी सांगत नाही. बँक आधी कार्ड बंद करते. नवं कार्ड येईपर्यंत महावितरणच्या बिलापासून विम्याच्या हप्त्यापर्यंत जे त्या कार्डावर लावलंय ते अडकतं. मग बँक हॉटेलच्या बँकेकडे विचारणा करते, आणि प्रश्न एकच असतो: हा व्यवहार कार्डधारकाने केला होता का? हॉटेलला याचं उत्तर देणं फार सोपं जातं. काकांची सही असलेलं रजिस्ट्रेशन कार्ड (म्हणजे चेक-इनला भरलेला फॉर्म), आधारची झेरॉक्स, पिन टाकल्याची नोंद असलेली चार्जस्लिप, म्हणजे कार्ड मशीनची पावती. तीन कागद पाठवले की तक्रार हॉटेलच्या बाजूने बंद. डाग खरंच होते का, टॉवेलचे २,८०० कुठल्या हिशेबाने, काकांना आधी विचारलं होतं का, हे प्रश्न कुणी विचारतच नाही, कारण काकांनी ते मांडलेलेच नसतात. नंतर तेच प्रकरण दुसऱ्या कारणाखाली उघडायला बँका सहजी तयार होत नाहीत. "आधी म्हणालात व्यवहार केलाच नाही, आता म्हणता केला पण रक्कम चूक," असं विचारलं तर काका काय बोलणार?

आणि १९३० चा तर इथे संबंधच नाही. तो क्रमांक चोरीला गेलेले पैसे वाटेत अडवायला आहे. तिथल्या तक्रारीवरून समोरच्याच्या खात्यातली रक्कम गोठवली जाऊ शकते. हॉटेलशी बिलावरून भांडण आहे म्हणून पोलिसांकडे खोटी माहिती देणं हे कायद्याने चूक आहे आणि माणूस म्हणूनही मला पटत नाही. ज्यांचे खरोखर लाखो रुपये गेलेत ती माणसं त्याच रांगेत असतात.

बरोबर वाट कंटाळवाणी आहे, पण चालते. आधी हॉटेलला ईमेल. फोन नको, फोनचा पुरावा राहत नाही, आणि "मॅनेजर राउंडला गेलेत" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. ईमेलमध्ये तीन गोष्टी मागा: जादा रकमेचं तपशीलवार बिल, डागांचे तारीख असलेले फोटो, आणि ही रक्कम घ्यायला तुम्ही संमती दिल्याचा कागद. सोबत चेक-आउटला मिळालेलं अंतिम बिल जोडा. ते बिल न घेता बॅगा उचलून निघणाऱ्यांना मी काही मदत करू शकत नाही. शिल्लक शून्य दाखवणारं ते एक पान या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत वजनदार पान असतं.

खाल्ल्या-प्यायल्याचे पैसे आणि नुकसानीचे पैसे यांत फरक करा. मिनीबारमधलं पाणी किंवा कपडे धुण्याचं बिल राहून गेलं असेल आणि तुम्ही ते खरंच वापरलं असेल, तर भरून टाका. नुकसानीची गोष्ट वेगळी. कार्डांचं जाळं चालवणाऱ्या मास्टरकार्ड कंपनीच्या नियमांत मोडतोड, चोरी किंवा नुकसानीची रक्कम राहण्याच्या बिलात मिसळता येत नाही. ग्राहकाला कळवून, त्याची संमती घेऊन, वेगळा व्यवहार म्हणून घ्यावी लागते. हळदीच्या डागांचे पैसे जुन्या ब्लॉकमधून गुपचूप उचललेले असतील तर तुमची बाजू भक्कम आहे. ती "रक्कम मान्य नाही" या खिडकीवरच भक्कम आहे.

हॉटेलने दाद दिली नाही तर बँकेकडे डिस्प्यूट फॉर्म, म्हणजे व्यवहारावर हरकत घेण्याचा अर्ज. त्यात कारणांची यादी असते. "चुकीची रक्कम" किंवा त्याच अर्थाचं कारण निवडा. व्हिसा या तशाच दुसऱ्या कार्ड कंपनीच्या यादीत फ्रॉडची कारणं १० पासून सुरू होतात आणि चुकीच्या रकमेचं कारण १२.५ आहे, खणच वेगळे आहेत. वर्णनात एवढंच लिहा: "या हॉटेलात मी अमुक तारखांना राहिलो. मान्य बिल ७,२०० रुपये, सोबत जोडलं आहे. हॉटेलने १०,००० उचलले. २,८०० रुपयांना माझी संमती नव्हती." वाद फक्त २,८०० चा घाला. रागाच्या भरात पूर्ण बिलावर वाद घालणाऱ्यांची मला खरंच चीड येते. आठ माणसं दोन रात्री राहिली, नाश्ता केला, आणि एकही पैसा द्यायचा नाही? अशा अर्जाने खरी तक्रारही खोटी दिसू लागते.

व्हिसाच्या नियमांत बहुतेक वादांना १२० दिवसांची मुदत असते, पण बऱ्याच बँका ग्राहकाला त्याहून कमी देतात. स्टेटमेंट दिसलं की त्याच आठवड्यात अर्ज करा. क्रेडिट कार्डाच्या बिलावर हरकत घेतली तर बँकेने जास्तीत जास्त ३० दिवसांत खुलासा, आणि गरज असेल तर कागदपत्रं, द्यायची असतात. रिझर्व्ह बँकेचे कार्डांबाबतचे निर्देश तसं सांगतात. बँकेने टाळाटाळ केली तर पुढे रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. पण लोकपाल बँकेची चूक बघतो, हॉटेलची नाही. हॉटेलशीच लढायचं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, हॉटेल गोव्याचं असलं तरी आम्हा कोपरखैरणेकरांना ठाणे जिल्ह्यातच. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. यूपीआयने किंवा रोख दिलेलं डिपॉझिट हॉटेलने ठेवून घेतलं असेल तर सरळ याच वाटेने जा.

परदेशातल्या हॉटेलांचं एक वेगळं. तिथे कार्डाचा नंबर नोंदवलेला असला की पिन, ओटीपी काहीही न मागता पैसे उचलता येतात. तरीही तुम्ही तिथे राहिला असाल तर तक्रार रकमेचीच. पण तुम्ही कधी पाऊलही न टाकलेल्या हॉटेलचं नाव स्टेटमेंटमध्ये आलं, किंवा मुक्कामानंतर त्याच कार्डावर भलत्याच दुकानाची खरेदी दिसली, तर तो फ्रॉड. तेव्हा एक मिनिटही थांबू नका. बुकिंगसाठी कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणाऱ्यांवर ही वेळ येते. कुठल्याही हॉटेलने मागितले तरी पाठवू नका.

सर्व्हिस चार्ज आणि जीएसटी यांवरून होणारी भांडणं या दोन्हींत येत नाहीत. सर्व्हिस चार्ज सक्तीने लावता येत नाही, तो काउंटरवरच काढायला लावा. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, तो द्यावाच लागतो.

डिस्प्यूट चालू असताना कार्डाचं बिल थकवू नका. वादातली रक्कम भरली नाही आणि निकाल विरुद्ध गेला तर तिच्यावर व्याज चढू शकतं. मी सगळ्यांना पूर्ण बिल भरायलाच सांगते. वाद जिंकलात तर तेवढी रक्कम कार्डावर जमा होते.