हॅमस्टरला सोबत नको, उंदराला एकटेपण नको

‘आधी हॅमस्टर होता, त्याचा पिंजरा रिकामाच पडलाय, म्हणून आता एक उंदीर आणतोय.’ असं कुणी म्हणालं की माझा जीव खालीवर होतो. या वाक्यात दोन चुका आहेत. पिंजऱ्याची चूक पैसे टाकून निस्तरता येते. ‘एक’ ही चूक मात्र तो उंदीर जन्मभर भोगतो, आणि त्याचा जन्म असतो जेमतेम दोन-तीन वर्षांचा.

हॅमस्टर तुम्हाला माहीत आहे. गालात दाणे कोंबणारा, दिवसभर झोपणारा, रात्री चाक फिरवणारा आणि झोपमोड केली की चावणारा. पाळीव सोनेरी सीरियन हॅमस्टरचं मूळ 1930 साली सीरियातल्या अलेप्पोजवळ एका बिळातून काढलेल्या मादीत आणि तिच्या पिल्लांत आहे. पाळीव उंदीर म्हणजे तपकिरी उंदीर, रॅटस नॉर्वेजिकस. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये उंदीर पकडणाऱ्या लोकांनी वेगळ्या रंगाची पिल्लं बाजूला काढून वाढवली, तिथून हा माणसाळला. 1901 मध्ये एल्सबरीच्या प्रदर्शनात उंदरांसाठी स्वतंत्र गटही होता. म्हणून गटारातलं पिल्लू उचलून ‘पाळतो’ म्हणू नका. त्याला लेप्टोस्पायरोसिस असू शकतो आणि माणसाच्या हातांची त्याला पिढ्यांची सवय नसते.

आता मुद्द्याचं. वयात आलेला सीरियन हॅमस्टर स्वतःच्या बिळात एकटा राहतो. दुसरा हॅमस्टर त्याच्या दृष्टीने घुसखोर. दुकानातल्या काचेच्या पेटीत पाच पिल्लं एकमेकांवर झोपलेली दिसतात, ती केवळ लहान असतात म्हणून. सहा-आठ आठवड्यांची झाली की मारामाऱ्या सुरू होतात, त्याही रात्री, आपण झोपेत असताना. सकाळी एकाचा कान फाटलेला असतो किंवा त्याहून वाईट काही बघावं लागतं. ‘बिचारा कंटाळेल’ म्हणून दुकानदाराने जोडी गळ्यात मारली तर सरळ नाही म्हणा.

उंदराचं नेमकं उलट. तो कळपातला प्राणी आहे. पिंजऱ्यात तीन झोळ्या बांधा, तिघे एकाच झोळीत कोंबून झोपतात. एक दुसऱ्याला खाली दाबतो आणि त्याच्या मानेमागचे केस दातांनी बारीक बारीक विंचरतो. खालचा आधी कुरकुरतो, मग डोळे मिटून चपटा पडतो. त्या जागी त्याचं स्वतःचं तोंड पोचत नाही. ते काम दुसरा उंदीरच करू शकतो. शिकागो विद्यापीठातल्या 2011 च्या प्रयोगात नळीत अडकलेल्या सोबत्याला बहुतेक मोकळ्या उंदरांनी दार उघडून सोडवलं. शेजारी चॉकलेट ठेवलेलं असतानाही सोडवलं, आणि पुष्कळदा ते चॉकलेट त्याच्यासोबत वाटून खाल्लं.

तरीही एक समजूत काही केल्या मरत नाही: ‘एकटा ठेवला की आपला जास्त लळा लागतो.’ हे साफ खोटं आहे. तुम्ही दिवसभर कामावर. घरी असता तेव्हाही त्यांचं अर्धं बोलणं तुम्हाला ऐकूच येत नाही. खेळताना उंदीर साधारण 50 किलोहर्ट्झवर चिवचिवतात, माणसाचा कान 20 च्या पुढे जात नाही. दिवसाचा तासभर तुम्ही दिलात तरी बाकीचे तास तो गप्प भिंतीकडे बघत बसतो. मग काहींचे पुढच्या पायांवरचे केस चाटून चाटून जातात, काही दचकून चावतात, काही सतत दाराच्या गजांना लटकतात. ते लटकणं बघून लोक कौतुकाने ‘किती जीव लावतो बघा’ म्हणतात, ते मला सहन होत नाही. तो बाहेर पडायचा प्रयत्न करतोय. सोबत असलेला उंदीर उलट जास्त धीट होतो. एक पुढे येऊन हात हुंगतो आणि त्याच्या भरवशावर दुसरा येतो.

तेव्हा किमान दोन घ्या, तीन उत्तम, आणि सगळे एकाच लिंगाचे. इथे दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, स्वतः शेपटीखाली बघा. पाच आठवड्यांच्या नराचे वृषण डोळ्यांना स्पष्ट दिसतात. याच वयात मादी गाभण राहू शकते, 21 ते 23 दिवसांत आठ-दहा पिल्लं देते आणि व्यायल्यावर दिवसभरात पुन्हा गाभण राहू शकते. अशा चुकून झालेल्या पिल्लांना घर शोधणारे लोक नेहमी भेटतात. शक्यतो त्यांच्याकडूनच दत्तक घ्या. ती पिल्लं हातांत वाढलेली असतात.

नवा उंदीर जुन्याच्या पिंजऱ्यात थेट सोडू नका. आधी दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, मग दोघांच्याही ओळखीच्या नसलेल्या जागी भेटवा. मोरी धुऊन, कोरडी करून तिथे भेटवलं तरी चालतं. दाबणं, किंचाळणं, जबरदस्तीने चाटणं चालू द्या. अंगावरचे केस फुलवून एखादा आडवा आडवा सरकायला लागला की सावध व्हा. रक्त दिसलं तर वेगळे करा आणि काही दिवसांनी पुन्हा प्रयत्न करा.

बाकीचे फरक चटकन सांगते. हॅमस्टरला पसरट जागा आणि खोल भुसा लागतो, उंदराला उंची, फळ्या, दोर आणि झोळ्या. जुन्या सुती साडीच्या झोळ्या सगळ्यात छान. देवदार किंवा पाइनचा भुसा दोघांनाही नको. शेपटीची किळस करणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की उंदीर अंगातली उष्णता तिच्यातूनही बाहेर टाकतो. तिला धरून उचललं तर कातडी सोलून हातात येते. पारा तिशीपार गेला की त्याला गार फरशी आणि पंख्याची हवा खेळती असलेली खोली द्या, पिंजरा गॅलरीत ठेवू नका. लाल डोळ्यांचा पांढरा उंदीर डोकं डावी-उजवीकडे डोलवतो, कारण त्याला अंधुक दिसतं. तो आजार नाही. डोळ्या-नाकाभोवती लाल पाणी आलं तर ते रक्त नसतं, पण वारंवार दिसलं किंवा श्वासाला घरघर लागली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लहान प्राणी तपासणारा डॉक्टर उंदीर आणायच्या आधीच शोधून ठेवा, कारण अनेक दवाखाने फक्त कुत्री-मांजरं बघतात.

जोडीतला एक गेला की राहिलेला खाणं सोडू शकतो. ‘आता म्हातारा झालाय, कशाला नवीन’ असं म्हणून त्याला एकटं ठेवू नका. त्याच्याच लिंगाची दोन लहान पिल्लं आणा. दोन अशासाठी की त्यांची दंगामस्ती आपसात होते, म्हातारा हवं तेव्हा सामील होतो, नको तेव्हा बाजूला पडून राहतो. आणि तो गेल्यावर मागे एकटं कुणी उरत नाही.