गेम्सच्या धंद्यातली विलीनीकरणं आणि ‘बाजार’ नावाचा गुंता

ठाणे-वाशी लोकलमध्ये दाराशी उभं राहून कँडी क्रश खेळणाऱ्याला त्या खेळाचा मालक कितीदा बदलला याचा पत्ता नसतो. २०१६ मध्ये त्याची कंपनी अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्डने घेतली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ही सगळी मोट ६,८७० कोटी डॉलरना मायक्रोसॉफ्टकडे गेली. गंमत म्हणजे १९७९ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन काढली ती अटारी या जुन्या गेम कंपनीत ना नाव, ना वाटा म्हणून बाहेर पडलेल्या प्रोग्रामरांनी.

सौदा जाहीर झाला जानेवारी २०२२ मध्ये. पुढची पावणेदोन वर्षं स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामकांशी भांडण चाललं ते ‘बाजार’ कशाला म्हणायचं यावर.

गल्लीतले दोन वडापाववाले एक झाले तर ते आडवं विलीनीकरण. गिऱ्हाइकाचं नुकसान लगेच दिसतं. वडापाववाल्याने बेकरीच घेतली तर ते उभं. मग प्रश्न असा, की समोरच्या गाडीला पाव मिळणार का? इथे पाव म्हणजे अ‍ॅक्टिव्हिजनचा कॉल ऑफ ड्यूटी हा खेळ, आणि समोरची गाडी म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सशी स्पर्धा करणारं सोनीचं प्लेस्टेशन. अमेरिकी नियामकांनी बाजार आखला तो ‘उच्च क्षमतेच्या कन्सोल’चा (कन्सोल म्हणजे गेम खेळायचं खास यंत्र), आणि निन्टेन्डोचं स्विच त्यातून वगळलं. घराघरात खेळलं जाणारं यंत्र बाजाराबाहेर! ही रेघ सोयीची होती असं माझं मत. जुलै २०२३ मध्ये तिथल्या न्यायालयाने सौदा थांबवायला नकार दिला.

ब्रिटिश नियामकांनी कन्सोलची हरकत मार्च २०२३ मध्येच सोडली होती. एप्रिलमध्ये त्यांनी सौदा अडवला तो क्लाउड गेमिंगवरून. यात खेळ चालतो दूरच्या सर्व्हरवर, आपल्या पडद्यावर येतं फक्त चित्र. बोट दाबल्यापासून चित्र हलेपर्यंतचा उशीर हेच खरं दुखणं. (क्लाउड म्हणजे आभाळ नव्हे, हे ऐरोली-महापेतल्या डेटा सेंटरांशेजारून जाणाऱ्यांना सांगायला नको.) या क्षेत्रात मायक्रोसॉफ्टचा जागतिक वाटा ६० ते ७० टक्के आहे, असा त्यांचा अंदाज होता. म्हणून अ‍ॅक्टिव्हिजनच्या सध्याच्या आणि पुढच्या १५ वर्षांतल्या गेम्सचे क्लाउड-हक्क, युरोपीय आर्थिक क्षेत्र वगळता, युबिसॉफ्ट या दुसऱ्या गेम कंपनीला द्यायचं ठरलं, तेव्हा कुठे सौदा सुटला. युरोपीय नियामकांनी मात्र १० वर्षांच्या परवान्यांच्या अटीवर मे महिन्यातच मान्यता दिली होती. सौदा तोच, पण भीती प्रत्येकाची निराळी.

पाव काही बंद झाला नाही, कॉल ऑफ ड्यूटी प्लेस्टेशनवर येतच राहिला. फटका बसला भलतीकडे. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या गेमिंग विभागातल्या १,९०० जणांच्या नोकऱ्या गेल्या. गेम पास या मायक्रोसॉफ्टच्या वर्गणीसेवेची सर्वांत वरची योजना अमेरिकेत ऑक्टोबर २०२५ मध्ये महिन्याला १९.९९ डॉलरवरून २९.९९ डॉलरवर गेली. नोकरी करणारा माणूस नियामकांनी आखलेल्या कुठल्याच बाजारात बसत नव्हता.

आपल्याकडे विलीनीकरणाला तपासणी लागायची ती मुख्यतः मालमत्ता आणि उलाढाल बघून. त्यामुळे इथे फारशी मालमत्ता वा उलाढाल नसलेल्या कंपनीचा परदेशी सौदा चाळणीतून निसटायचा. सप्टेंबर २०२४ पासून सौद्याची किंमत २,००० कोटी रुपयांपुढे आणि भारतात लक्षणीय व्यवसाय असेल, तर परवानगी घ्यावी लागते.

वर्षभरातच, सप्टेंबर २०२५ मध्ये, इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीचा ५,५०० कोटी डॉलरचा सौदा जाहीर झाला. घेणारे गुंतवणूकदार, त्यामुळे आडवं-उभं दोन्ही निकष तोकडे पडतात. त्यातले २,००० कोटी डॉलर कर्जाचे आहेत.