दुसऱ्या देशात आपत्तीची मदत घेऊन जायचंय? कोणाला जाता येतं, परवानगी कशी मिळते, कागदपत्रं कोणती लागतात

भूकंप झाला, चक्रीवादळ धडकलं की दोन दिवसांत लोकं विचारायला लागतात, आमची टीम तयार आहे, माल गोळा झालाय, आता त्या देशात जायला अर्ज कुठे करायचा? तर आधी हे पक्कं डोक्यात ठेवा की या प्रक्रियेत पहिला अर्ज मदत देणाऱ्याचा नसतोच, तो आपत्ती झालेल्या देशाचा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा १९ डिसेंबर १९९१ चा ठराव आहे, ४६/१८२ नंबरचा, त्यात लिहिलंय की मदत त्या देशाच्या संमतीने आणि तत्त्वतः त्याने आवाहन केल्यावरच द्यायची. सरकार असो, लष्कर असो नाहीतर दहा जणांची एनजीओ असो, सगळ्यांना हेच लागू.

संमती म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी असं ज्यांना वाटतं त्यांनी म्यानमारमधलं नर्गिस चक्रीवादळ आठवावं. २ मे २००८ ला ते इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात घुसलं, मेलेले आणि बेपत्ता मिळून १ लाख ३० हजारांच्या वर माणसं गेली, आणि तिथल्या लष्करी सरकारने परदेशी टीमचे व्हिसा रखडवून ठेवले, अमेरिकेची आणि फ्रान्सची लष्करी जहाजं समुद्रात थांबून राहिली पण त्यांना किनाऱ्याला लागू दिलं नाही. कोंडी फोडली ती आसियानने, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेने. १९ मे ला सिंगापूरमध्ये परराष्ट्रमंत्र्यांची खास बैठक झाली, मग महिनाअखेरीला आसियान, म्यानमार सरकार आणि संयुक्त राष्ट्रं यांचा त्रिपक्षीय कोअर ग्रुप बनला आणि व्हिसा, आतल्या भागात फिरायचे परवाने हे सगळं त्या टेबलावर सुटायला लागलं. बाहेरच्या मोठ्या देशाला जे जमलं नाही ते शेजाऱ्यांनी करून दाखवलं, कारण त्यांच्या येण्याची त्या सरकारला भीती वाटत नव्हती. प्रादेशिक व्यवस्था कशाला पाहिजे याचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

आता प्रक्रिया. आसियानची पद्धत सगळ्यात नीट लिहून ठेवलेली आहे म्हणून तीच धरून सांगतो. त्यांचा आपत्ती व्यवस्थापनाचा करार जुलै २००५ मध्ये व्हिएन्टियानला झाला आणि २४ डिसेंबर २००९ पासून लागू झाला, तेव्हाच्या दहाही सदस्य देशांवर बंधनकारक आहे. समन्वयाचं ऑफिस म्हणजे आहा सेंटर, जकार्तामध्ये, २०११ पासून. आपल्या बाजूला सार्कचाही असाच करार आहे, २०११ मध्ये मालदीवच्या परिषदेत सह्या झाल्या, २०१६ मध्ये लागू झाला, पण रोजच्या कामाची सवय आसियानला जास्त आहे.

आपत्ती झालेला देश आपल्या राष्ट्रीय आपत्ती संस्थेमार्फत मागणी करतो, आहा सेंटरकडे किंवा थेट दुसऱ्या देशाकडे. मागणीत काय आणि किती पाहिजे ते स्पष्ट लिहावं लागतं, "मदत पाठवा" एवढ्यावर भागत नाही. ज्याच्याकडे मागणी गेली त्याने लवकर कळवायचं की आपण देऊ शकतो का, काय देऊ शकतो, कोणत्या अटींवर. उलटंही चालतं, कोणी आधी ऑफर द्यायची आणि त्या देशाने हो म्हणायचं. मग दोघांमध्ये अटींचा कागद होतो, कोण येणार, किती दिवस, खर्च कोणाचा, सामान परत जाणार की तिथेच राहणार. मदत देणाऱ्याने आपल्या टीमवर एक प्रमुख नेमायचा, पण कामाची एकूण दिशा आणि नियंत्रण त्या देशाकडेच. हे वाक्य करारातलं आहे आणि जाणाऱ्या प्रत्येक टीम लीडरने ते पाठ करावं.

यात एक चांगली गोष्ट अशी की करारातली "मदत करणारा घटक" ही व्याख्या फक्त देशांपुरती नाही, आंतरराष्ट्रीय संस्था, इतर संस्था, अगदी व्यक्तीसुद्धा त्यात बसते. म्हणजे एनजीओला दार बंद नाहीये. पण दाराशी जायचा रस्ता सरकारातून किंवा तिथल्या स्थानिक संस्थेतून जातो. तुमची ओळख नसेल तर तिथली नोंदणी असलेली एखादी संस्था गाठा, राष्ट्रीय रेड क्रॉस किंवा रेड क्रेसेंट सोसायटी जवळपास प्रत्येक देशात आहे, आणि त्यांच्याकडून लेखी निमंत्रण घ्या. माझं मत विचाराल तर लहान संस्थेने स्वतः जाण्यापेक्षा तिथल्या संस्थेला पैसे पाठवलेले केव्हाही बरे, कारण भाषा त्यांना येते, गल्ल्या त्यांना माहीत, आणि विमानतळावर एका टीमची जागा मोकळी राहते.

ही विमानतळाची गोष्ट हलक्यात घेऊ नका. २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळच्या भूकंपात काठमांडूच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाला धावपट्टी एकच, पार्किंगची जागा मोजकी, कितीतरी विमानं वर घिरट्या घालून परत गेली आणि नंतर धावपट्टी खराब व्हायला लागल्यावर मोठ्या जड विमानांना बंदीच घालावी लागली. न बोलावता गेलेलं विमान म्हणजे बोलावलेल्याची अडवणूक. त्यातल्या त्यात नशीब एवढंच की विमानतळावर मदतीचा माल उतरवायचं वेगळं केंद्र जागतिक अन्न कार्यक्रमाने भूकंपाच्या जेमतेम महिनाभर आधी सुरू करून ठेवलं होतं.

पात्रता कामाप्रमाणे बदलते. ढिगाऱ्यातून माणसं काढणाऱ्या टीमसाठी इन्सराग नावाची संयुक्त राष्ट्रांची व्यवस्था आहे, तिचं वर्गीकरण लागतं. मीडियम टीम म्हणजे एका ठिकाणी २४ तास काम ७ दिवस करू शकणारी, हेवी म्हणजे एकाच वेळी दोन ठिकाणी २४ तास, १० दिवस. हे दिवस स्वतःचं पाणी, जेवण, तंबू, इंधन घेऊन, तिथल्या लोकांकडून काही न मागता. दर ५ वर्षांनी परत परीक्षा. वर्गीकरण नसलं म्हणून कायद्याने कोणी अडवेलच असं नाही, पण बोलावताना देश यादी बघतात आणि यादीत नसलेल्यांचा नंबर शेवटी लागतो. निघायच्या आधी टीमची माहिती व्हर्च्युअल ओसॉक या ऑनलाइन यंत्रणेवर टाकायची आणि उतरल्यावर विमानतळावरच्या रिसेप्शन सेंटरमध्ये, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या टीमची नोंद होते तिथे, फॅक्टशीट द्यायची, माणसं किती, वजन किती, गाड्या लागणार का, ढिगाऱ्यात माणसं हुंगून शोधणारी कुत्री किती. कुत्र्यांची वेगळी फाइल ठेवा, मायक्रोचिप नंबर, रेबीजच्या लसीचा दाखला, आरोग्य प्रमाणपत्र, त्या एका कागदासाठी अख्खी टीम अडकून पडू शकते.

डॉक्टरांच्या टीमसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे इमर्जन्सी मेडिकल टीमचे प्रकार आहेत. टाइप १ स्थिर, म्हणजे एका जागी दवाखाना लावणाऱ्या, टीमने दिवसाला किमान १०० बाह्यरुग्ण बघायला हवेत, टाइप २ ला ऑपरेशन थिएटर आणि किमान २० खाटा, दिवसाला ७ मोठी किंवा १५ छोटी ऑपरेशनं. टाइप ३ म्हणजे मोठं रेफरल हॉस्पिटलच. प्रत्येक डॉक्टर-नर्सची पदवी, चालू रजिस्ट्रेशन, पासपोर्टची कॉपी, आणि त्या देशाच्या आरोग्य खात्याकडून तात्पुरती प्रॅक्टिसची परवानगी. परवानगी हातात येईपर्यंत रुग्णाला हात लावायचा नाही.

लष्कराचा भाग वेगळा आणि नाजूक. ऑस्लो गाइडलाइन्स म्हणून नियम आहेत, १९९४ चे, २००६-०७ मध्ये सुधारलेले. नागरी यंत्रणेकडे तशी सोय नसेल आणि गरज तातडीची असेल तेव्हाच परदेशी लष्कराची साधनं मागायची, एकूण नियंत्रण नागरी हातात, तत्त्वतः शस्त्राशिवाय, आणि वेगळं ठरलं नसेल तर त्या देशाला खर्च नाही. काम तीन पातळ्यांवर वाटलेलं असतं, लोकांच्या हातात थेट मदत देणं, माल किंवा माणसं वाहून नेणं, आणि रस्ता-पूल-विमानतळ असली दुरुस्ती. परदेशी सैनिकाने थेट वाटपात कमीत कमी दिसावं, वाहतूक आणि दुरुस्तीत जास्त असावं, हा त्यामागचा विचार आणि तो मला पूर्ण पटतो, कारण वर्दीवाला गेला की वर्दीबद्दलचा सगळा जुना इतिहास त्याच्या मागोमाग गावात येतो, आणि नंतर त्याच गावात एनजीओच्या पोरांना काम करायचं असतं.

लष्कराकडे मागणी करायच्या फॉर्ममध्ये संस्था नेहमी एकच चूक करतात, "एक मोठं हेलिकॉप्टर द्या" असं लिहितात. तसं नाही लिहायचं. लिहायचं असं की अमुक ठिकाणाहून तमुक गावाला ६ टन तांदूळ आणि ताडपत्री, २५ किलोच्या गोण्या, रस्ता तुटलाय, उतरायला शाळेचं मैदान आहे, परवा संध्याकाळपर्यंत पोचायला हवं, तिथे माल घ्यायला आमची माणसं असतील. कशाने न्यायचं ते लष्कर ठरवेल, कदाचित खेचरं आणि पायी माणसं हेच बरं पडेल. असे अर्ज एकत्र बघायला जागा पण लागते. नेपाळमध्ये सैन्याने परदेशी लष्करांसाठी बहुराष्ट्रीय समन्वय केंद्र चालवलं आणि मदत संस्था व लष्कर यांच्यामध्ये ह्यूमॉक नावाचा वेगळा सेल होता, संस्थेने थेट कुठल्या परदेशी कर्नलला फोन लावायचा नाही, सेलकडे फॉर्म द्यायचा.

लष्करी टीमची कागदपत्रं म्हणजे विमानाला हद्दीतून उडायची आणि उतरायची डिप्लोमॅटिक क्लिअरन्स म्हणजे त्या सरकारची परवानगी, जहाजाला बंदरात शिरायची, सैनिकांची नावानिशी यादी, मालाची यादी, रेडिओ फ्रिक्वेन्सीची परवानगी, आणि सैनिकांचं कायदेशीर स्टेटस काय, काही घडलं तर खटला कुठे चालणार याचा करार किंवा निदान दोन सरकारांमधली पत्रं. हा शेवटचा कागद आपत्तीनंतर बनवायला बसलं तर आठवडे जातात. आसियान करारात निदान एवढं आधीच ठरलेलं आहे की सैनिकांनी ओळख पटेल असा गणवेश घालून काम करायला हरकत नाही आणि मदतीच्या सामानावर कर लागणार नाही. आणि यजमानाची अट शेवटची असते. जानेवारी २०२२ मध्ये टोंगामध्ये ज्वालामुखी फुटला तेव्हा त्या देशात कोविड पसरलेला नव्हता, ऑस्ट्रेलियाच्या ॲडलेड या युद्धनौकेवर कोविडचे रुग्ण निघाले, मग माल उतरवला पण तिथल्या माणसांशी संपर्क न ठेवता.

मालाच्या कागदांकडे येऊ, कारण सर्वसामान्य संस्था अडकते ती इथेच. विमानाने असेल तर एअरवे बिल किंवा समुद्रमार्गे असेल तर बिल ऑफ लेडिंग (माल नेणारी कंपनी देते तो वाहतुकीचा कागद), पॅकिंग लिस्ट, प्रोफॉर्मा इन्व्हॉइस म्हणजे मालाच्या किमतीचा कागद (माल विकायचा नाही, किंमत फक्त कस्टम्ससाठी असं त्यावर लिहून), दान केल्याचं पत्र, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कन्साइनीचं पत्र, माल तिथे कोण ताब्यात घेणार त्याचं नाव, पत्ता, सही. "भूकंपग्रस्तांसाठी" असं लिहून पाठवलेल्या मालाला कन्साइनी नसतो आणि तो गोदामात पडून राहतो. ड्युटी माफ आहे का आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे आधी विचारा, माफी आपोआप मिळते असं समजू नका. पॅकिंग लिस्ट खोक्याप्रमाणे करा, खोका नंबर १४, चादरी ४०, वजन अमुक किलो, आणि तोच नंबर खोक्याच्या दोन बाजूंना मोठ्या अक्षरात. "कपडे व इतर" असं लिहिलं की कस्टम्सवाला खोका उघडणारच, आणि एक उघडला की पुढचे पण उघडतो. वापरलेले कपडे तर पाठवूच नका.

औषधांचे नियम कडक आहेत आणि असायलाच हवेत. त्या देशाने मागितलेलीच पाठवायची, पोचताना निदान एक वर्षाची मुदत शिल्लक, लेबलवर जेनेरिक नाव, बॅच नंबर, एक्सपायरी, आणि तिथल्या डॉक्टरला कळेल अशी भाषा. लोकांनी परत केलेली औषधं किंवा फुकट सॅम्पल चालत नाहीत. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या आचेमध्ये सुमारे ४ हजार टन औषधं येऊन पडली, त्यातली बरीच तिथल्या कोणाला वाचता न येणाऱ्या भाषेतली, आणि ती नष्ट करायचं काम पुन्हा तिथल्याच लोकांच्या गळ्यात पडलं.

सॅटेलाइट फोन आणि रेडिओ नेणार असाल तर त्यांची यादी सीरियल नंबरसकट आधी पाठवा. दूरसंचार साधनांना आपत्तीत वाट मोकळी करून देणारा टाम्पेरे करार २००५ पासून लागू आहे, पण तो देश त्यात सामील आहे का ते बघावं लागतं, नसेल तर जप्ती होऊ शकते.

आणि परत यायचे कागद जायच्या आधीच करा. जी यंत्रं परत आणायची त्यांची तात्पुरत्या आयातीची नोंद वेगळी, जी तिथे द्यायची त्यांचं हस्तांतर पत्र वेगळं, दोन्ही बाजूंच्या सह्या, सोबत वापरायचं मॅन्युअल आणि सुट्या भागांची यादी. मेडिकल टीमने रुग्णांचे केसपेपर स्थानिक हॉस्पिटलला सोपवायचे आणि कोणाचे टाके काढायचे राहिलेत, कोणाच्या हाडात रॉड आहे, ती यादी नावानिशी तिथल्या डॉक्टरच्या हातात द्यायची, मग रिसेप्शन सेंटरला निघायची तारीख कळवायची.