सोयाबीनचा चक्रीभुंगा आणि तेरा पंप पाणी

श्रावणात इंदूरजवळच्या सांवेर-देपालपूरकडच्या सोयाबीनमध्ये झाड हिरवंगार असतं, पण मधेच एखादी फांदी मान टाकते. देठ किंवा खोड निरखून पाहा, बांगड्या कोरल्यासारखी दोन वर्तुळं दिसतील. चक्रीभुंग्याच्या मादीने त्या दोहोंच्या मधे अंडं घातलेलं असतं. मग पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकाची फवारणी होते, आणि आठवड्याने तक्रार येते की औषध बनावट निघालं.

बहुतेक वेळा ते अस्सल असतं. पायरेथ्रॉइड झाडात मुरत नाही. किडीच्या अंगाला लागलं किंवा पानासोबत पोटात गेलं, तरच काम करतं. अळी एकदा खोडात शिरली की ते तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून पहिली वर्तुळं दिसताच फवारायचं आणि सुकलेला भाग वर्तुळांच्या खालून तोडून नष्ट करायचा.

कीटकाच्या चेतातंतूवर सोडियमची दारं असतात. संदेश गेला की ती मिटतात. पायरेथ्रॉइड ती उघडीच अडकवतं. संदेश थांबत नाही, कीड थरथरत उलटी पडते. गारव्यात हा परिणाम वाढतो. संध्याकाळी फवारण्याचं हे एक कारण. दुसरं, मधमाश्या तोवर परतलेल्या असतात.

शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रम फुलांत हेच गुण आहेत, पण तो अर्क उन्हात लवकर विरतो. त्याच धर्तीवर घडवलेलं, उन्हात टिकणारं परमेथ्रिन हे पायरेथ्रॉइड 1973 मध्ये इंग्लंडच्या रॉथॅमस्टेडमध्ये मायकेल एलियट यांच्या गटाने जाहीर केलं.

सोयाबीनसाठी थायामेथोक्झाम 12.6 टक्के अधिक लॅम्डा-सायहॅलोथ्रिन 9.5 टक्के झेडसी हे तयार मिश्रण हेक्टरी 125 मिली, म्हणजे एकरी 50 मिली. त्यात पायरेथ्रॉइड, म्हणजे लॅम्डा-सायहॅलोथ्रिन, हेक्टरी जेमतेम 13 ग्रॅम. पाणी मात्र एकरी 200 लिटर, म्हणजे 15 लिटरचे तेरा पंप. इथेच घोटाळा होतो: पाच-सहा पंपांत एकर उरकतात, वरची पानं भिजतात, खालची कोरडी राहतात आणि पानं खाणारी उंटअळी तिथेच चरत बसते. मोजायला बाटलीचं झाकण वापरू नका. 50 मिली औषधात पाणी घालून एकूण 1300 मिली करा, ढवळा, प्रत्येक पंपात 100 मिली ओता. उरलेलं द्रावण रात्रभर ठेवू नका आणि चुन्याच्या पाण्यात मुळीच मिसळू नका. अल्कधर्मी पाण्यात पायरेथ्रॉइड तुटतं.

मात्रा दुप्पट करणं हा तर उलटा धंदा. मित्रकीटक आधी मरतात. त्याच गटाचं औषध पुन्हापुन्हा मारलं की प्रतिकारक्षम किडीच मागे उरतात. पुढच्या वेळी गट बदला. पानं खाणाऱ्या अळ्यांसाठी क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल 18.5 एससी, हेक्टरी 150 मिली.

फवारताना चेहऱ्यावर उडालं तर काही वेळाने मुंग्या आल्यासारखं चुरचुरतं. साबण आणि गार पाण्याने धुवा. उन्हाची झळ किंवा कोमट पाणी लागलं तर चुरचुर वाढते. बहुधा दिवसभरात ते जातं. पंप नाल्यात किंवा विहिरीजवळ विसळू नका, कारण माशांना हे औषध फार थोड्या प्रमाणातही मारतं. विसळलेलं पाणी त्याच शेतात फवारून टाकावं.